जारचं पाणी

आमच्या हॉस्पिटलात परमेश्वर सरांना एखादी गोष्ट माहीत नाही असं आजवर झालेलं नव्हतं. म्हणून वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत, जिथं अपुऱ्या दिवसांची बाळं उबेच्या पेट्यांत ठेवतात, तिथं नऊ दिवसांत तीन बाळं एकाएकी गळाली आणि त्यातलं एक गेलं, तेव्हा सोमवारच्या मिटिंगला सर येतानाच कारण घेऊन आले. खुर्चीत बसले, मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, इन्फेक्शन तांड्यातून आलंय.

आम्ही सहा जण होतो. कोणी मान हलवली, कोणी वहीत लिहून घेतलं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतूंचं काम बघते. रक्त, लघवी, पू, जे येईल ते काचेच्या बशीत वाढवायचं, जंतू कोणता आणि कोणत्या औषधानं मरतो ते लिहून द्यायचं. तिन्ही बाळांच्या रक्तात क्लेबसिएला नावाचा जंतू मलाच सापडला होता. त्याच्यावर मी बारा औषधांच्या चकत्या ठेवल्या, त्यातल्या दहांना तो खेटून वाढला. असला जंतू सोयाबीनच्या रानातून चालत येत नाही. तो दवाखान्यातच घडतो, जिथं रोज औषध पडतं आणि जो मरत नाही त्याला मोकळी जागा मिळते. हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. सरांनी कुठल्याशा मोठ्या शहरात जंतुसंसर्गावरचा चार दिवसांचा कोर्स केलाय. त्याचं सर्टिफिकेट रिसेप्शनवर गणपतीच्या शेजारी टांगलंय.

तांडा म्हणजे चौथ्या पेटीतलं बाळ. सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरची मिना, विशीची पोरगी, सोयाबीन काढता काढता सातव्या महिन्यात कळा आल्या म्हणून जीपमध्ये घालून आणली. मुलगी झाली. तेराशे ग्रॅम. तिला वर नेताना मिनाची सासू मिराबाई जिन्यात आडवी आली आणि गुळाच्या पाण्यात बुडवलेलं बोट तिनं नातीच्या ओठांना लावलं. पुढं सर्व बाळांच्या तपासण्या केल्या, त्यात या बाळाच्या पोटातही तोच क्लेबसिएला निघाला. बाळ आजारी नव्हतं, जंतू नुसता आतड्यात येऊन बसला होता. पण सरांना तेवढं पुरलं. घरून काही दिलं का, असं त्यांनी मिराबाईला विचारलं आणि तिनं खरं ते सांगितलं. आमच्या हॉस्पिटलात एवढी मोठी चूक त्या आठवड्यात दुसऱ्या कोणी केली नाही.

मी मिटिंगमध्ये म्हटलं, सर, पहिलं बाळ तीन तारखेला आजारी पडलं. मिना बाळंत झाली नऊ तारखेला.

सरांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. म्हणाले, "मॅडम, तांड्यातले लोक आधीपण कधी येऊन गेले असतील ना. ओपीडीला."

यावर कोणी हसलं नाही.

मिराबाईला वर यायला बंदी झाली. मिनाचं दूधही बंद केलं. तिच्या घरचं काहीच नको, पावडर पाजा, असा हुकूम निघाला. आई म्हणजे घरचं. मिना जिन्याखाली सासूच्या आडोशाला बसायची, दर तीन तासांनी स्टीलच्या वाटीत दूध पिळायची आणि मिराबाई ती वाटी मागच्या कडुनिंबाच्या बुडाशी ओतून यायची. माझी लेक आठ महिन्यांची आहे. सकाळी तिला पाजून, सासूबाईंच्या, म्हणजे अनुसयाबाईंच्या मांडीवर ठेवून मी निघते आणि अकराच्या सुमाराला वरून कोणाचंही बाळ रडलं तरी माझ्या ब्लाउजला ओल येते. मी नमुने घ्यायला काचेच्या खोलीत जायची तेव्हा चौथ्या पेटीशी जरा थांबायची. तिचा तळपाय माझ्या अंगठ्याएवढा होता. कानाला अजून ताठपणा आला नव्हता, झोपेत कान दुमडला की दुमडलेलाच राहायचा. मी पेटीच्या भोकातून हात घालून तो सरळ करायची. खांद्यावर मऊ काळी लव. नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि ती नळी जिथून यायची तिथं भिंतीवर अर्धी भरलेली प्लॅस्टिकची बाटली, तिच्यात पाण्याचे बुडबुडे. कोरडा ऑक्सिजन बाळाच्या नाकाला सोसत नाही, म्हणून तो पाण्यातून काढून देतात.

बाटलीकडं माझं लक्ष गेलं ते असं, की सिस्टर शालूबाई तिच्यात पाणी घालत होत्या. बाटली काढली नाही, रिकामी केली नाही, धुतली नाही. झाकण फिरवलं, जगमधून पाणी ओतलं, झाकण लावलं. मी विचारलं, हे पाणी कुठलं.

"जारचं," शालूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता. "आमच्या घरी आमी नळाचं पितो मॅडम, आठ दिवसांचं साठवलेलं. इथं लेकरांना जारचंच. सरांनीच सांगितलंय."

हे समजायला आमच्या गावात राहावं लागतं. इथं नळाला पाणी आलं तर ती बातमी असते, आणि ज्याच्या घरी निळा जार येतो त्याची गोष्टच वेगळी. लग्नात पाहुण्यांना जार, मयतीला आलेल्यांनाही जार. जार म्हणजे शुद्ध, एवढंच गणित. जंतू मारलेलं सीलबंद पाणी वेगळं आणि हे वेगळं, हे कोणाला सुचतच नाही. डिलिव्हरीसाठी येणाऱ्या घरच्यांना सर स्वतः सांगायचे, आपल्याकडं बाळाला जारशिवाय थेंब नसतो. तो जार पॅसेजमध्ये होता, गार ठेवायच्या हिरव्या डब्यात, डब्याला खाली तोटी. मी तोटीत बोट घातलं. आतून बुळबुळीत. शेवाळलेल्या दगडासारखी.

हे मिटिंगच्या आदल्या दिवशीचं, रविवारचं. त्याच दिवशी मी आठही बाटल्यांमधलं पाणी, तोटी, बेसिन, साबणाची बाटली, सगळ्यांचे नमुने घेतले. सरांचा मोबाईलही मागितला. राउंडला ते तो पेटीवर ठेवायचे. त्यांनी दिला नाही, हसले फक्त. काचेच्या खोलीबाहेर पाटी आहे: चपला बाहेर, बांगड्या बाहेर, देवाचा दोरा बाहेर. मोबाईलचा उल्लेख नाही.

मंगळवारी सकाळी उत्तर हातात होतं. तोटीत आणि सात बाटल्यांमध्ये सेराशिया नावाचा जंतू, ओलाव्यात राहणारा, क्लेबसिएलाहून वेगळा. पण औषधांच्या चकत्या लावल्या तेव्हा मी खुर्ची ओढून बसले. बाळांच्या क्लेबसिएलाला जी औषधं चालत नव्हती, तीच यालाही चालत नव्हती. वरच्या फळीचं औषधसुद्धा. दोन कागद शेजारी ठेवले तर एकाचीच नक्कल वाटावी.

मी कागद घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ते वाचले, म्हणजे वरची ओळ वाचली.

"बाळांना काय झालंय? क्लेबसिएला. पाण्यात काय आहे? सेराशिया. दोन अलग जाती आहेत मॅडम. म्हशीला शेरडू झालं असं तुम्ही मला सांगून राहिल्या काय?"

मी सांगितलं. जंतूचा एक मोठा धागा असतो, तो त्याला वाडवडिलांकडून मिळतो. त्याशिवाय पुष्कळांच्या पोटात एक छोटी सुटी कडी असते, प्लाझमिड म्हणतात. औषध पचवायची विद्या या कडीवर लिहिलेली असते, एकामागं एक, माळेत मणी ओवावेत तशी. आणि ही कडी द्यायला लेकरू व्हावं लागत नाही. जंतू शेजाऱ्याला चिकटतो, कडीची नक्कल करतो आणि देऊन टाकतो. शेजारी आपल्या जातीचा नसला तरी देतो. सकाळी साधा असलेला जंतू संध्याकाळी दहा औषधांना दाद देत नाही. बाटलीत सेराशिया मुक्कामाला आहे, तो नळीतून बाळाच्या घशात, पोटात जातो, तिथं क्लेबसिएला भेटतो, आणि कडी हात बदलते. मी शेवटी असंही म्हणाले की सर, शेजारणीकडून विरजण आणतो तसंच आहे. दूध आपलं, पण आंबवायची शक्ती तिच्या वाटीतली.

"विरजण," सर म्हणाले. मग मोबाईल उचलून त्यांनी कोणाला तरी सांगितलं की आमच्या लॅबवाल्या मॅडम दही लावायला शिकवत आहेत. पलीकडचा माणूस हसलेला मला ऐकू आला.

बाटल्या बदलायच्या का, असं विचारलं, तर म्हणाले की आज बाटल्या बदलल्या तर उद्या लोक म्हणतील बाटल्यांमध्ये होतं. ज्या माणसाला हे एवढं स्पष्ट दिसतं त्याला बाकी काही दिसत नाही असं मी तरी म्हणणार नाही.

इथून पुढं मी जे केलं त्याचा मला त्या वेळी अभिमान होता, म्हणून ते नीट सांगते.

मी ठरवलं की सरांना डोळ्यांनी दाखवायचं. आमच्या फ्रिजमध्ये तपासणीसाठी ठेवलेला एक साधा ई. कोलाय होता, गरीब जंतू, कोणत्याही औषधानं मरणारा. एका विशिष्ट खाद्यावर तो गुलाबी वाढतो. आमचा पाण्यातला सेराशिया त्याच खाद्यावर फिकट वाढतो. मी दोघांना एका नळीत रात्रभर एकत्र ठेवलं. मग ते मिश्रण औषध घातलेल्या खाद्यावर पसरलं. सरळ हिशोब होता. त्यावर फिकट ठिपके येणारच. पण गुलाबी ठिपके आले, तर त्याचा अर्थ एकच, गरीब ई. कोलायला रात्रीतून कडी मिळाली. शेजारी दुसऱ्या बशीत नुसता ई. कोलाय लावला. तिथं काहीच उगवायला नको.

गुरुवारी सकाळी बशी उघडली. फिकट ठिपक्यांच्या गर्दीत सतरा गुलाबी. मला वाटलं होतं त्यापेक्षा सुंदर. पण ज्या बशीत काही उगवायला नको होतं तिच्या कडेला एक ठिपका होता. एकच, मोहरीएवढा. बहुतेक माझ्या हातून पडलेला. सर नेमकं त्यावरच बोट ठेवतील हे मला माहीत होतं. म्हणून मी पुन्हा सगळं पसरलं आणि शुक्रवारची वाट बघितली. घरी लेकीला पाजतानाही माझ्या डोक्यात तीच बशी होती. ती दूध सोडून माझ्या हनुवटीला हात लावायची, मी तिचे केस कुरवाळत गुलाबी ठिपके मोजत बसायची. सासूबाई म्हणाल्या, "लेकराकडं बघ की गं, ते तुझ्याकडं बघून राहिलंय."

शुक्रवारी दोन्ही बशा जशा हव्या होत्या तशा आल्या. एकीत एकवीस गुलाबी ठिपके, दुसरी स्वच्छ. मी त्या टॉवेलवर ठेवून सरांच्या टेबलावर नेल्या, जशी एखादी बाई पहिल्यांदा जमलेल्या पुरणपोळ्या नेते.

सरांनी बशीकडं बघितलं. खरंच बघितलं, चष्मा वर करून. मग म्हणाले की छान आहे, मेहनत आहे. पण हे तुम्ही नळीत केलं. बाळाच्या पोटात हेच झालं, याचा पुरावा काय? मी म्हणाले, त्यासाठी कडी मोठ्या लॅबला पाठवून वाचून घ्यावी लागेल, पंधरा दिवस लागतील. तर मग पंधरा दिवसांनी बोलू, असं म्हणून त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. टाइप केलेला. काचेच्या खोलीतल्या संसर्गाचा उगम: पेटी क्रमांक चारच्या नातेवाइकांनी बाळाला दिलेला बाह्य पदार्थ. खाली माझं नाव, सहीसाठी रेघ.

"सही करा, बाटल्या मी आजच बदलतो," ते म्हणाले. "तुमचंही राहतं, माझंही."

मी कागद घेतला. सही केली नाही, पण कागद हातात धरून जिना उतरले, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन पायऱ्या मी विचारही केला. तांड्यावरच्या एका म्हातारीच्या बोटानं आठ बाळं सुटत असतील तर वाईट काय. असे विचार शिकलेल्या माणसाला फार सहज सुचतात.

जिन्याखाली मिना भिंतीला टेकून वाटीत दूध पिळत होती. तिचा नवरा देविदास सकाळीच सोयाबीनच्या मळणीला परत गेला होता. मिराबाई चटईवर पाय पसरून बसली होती. कपाळावर गोंदण, हातात अजून दोन हस्तिदंती रंगाच्या जुन्या बांगड्या, बाकीच्या बाहेरच्या पाटीनं उतरवलेल्या. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगून टाकलं. तुमच्या बोटानं काही झालं नाही. भिंतीवरच्या बाटलीतलं पाणी खराब आहे, तिथून बाळांना लागण होते. मला वाटलं ती रडेल. पाच दिवस प्रत्येक सिस्टर, प्रत्येक वॉर्डबॉय तिला येता जाता सांगत होता की तू नातीला बाधवलंस. मी खरं तर तिच्या रडण्याची तयारी करूनच बसले होते, पदर वगैरे सावरून.

ती रडली नाही. वरच्या दिशेनं बघून तिनं विचारलं, "आत्ताबी तेच पाणी हाय?"

"हो."

"तुमाला कधी समजलं?"

"मंगळवारी."

"आज सुक्करवार हाय, बाई."

मी तिला बशांचं सांगायला लागले. सर ऐकत नव्हते, त्यांना दाखवायचं होतं, पुरावा लागतो. मी हे फार समजावून सांगत होते. मिनानं वाटी खाली ठेवली होती आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"तुमाला लेकरू हाय का?" मिराबाईनं विचारलं.

"आठ महिन्यांची आहे."

"तिच्या नाकाला लावलं असतं का ते, मंगळवारपासून?"

तिचा आवाज चढला नव्हता. शेळी आजारी पडली तर तिला पाजलेलं पाणी आधी ओतून द्यायचं, मग इलाज करायचा, हे माझ्या बापाला कळायचं. त्यानं सिद्धेश्वर धरणाच्या काठानं शेरडं मेंढरं चारली. त्याला प्लाझमिड माहीत नव्हतं. मी चार दिवस एका माणसाला हरवण्यासाठी ठिपके वाढवत होते, आणि तो माणूस हरण्यासाठी बसलेलाच नव्हता. तोवर वर आठ बाटल्या बुडबुडत होत्या. सरांना नावं ठेवायचा मला जेवढा हक्क होता तो मी त्या चटईवर बसल्या बसल्या घालवला.

मी उठले. मिराबाईही उठली. तिला मी बोलावलं नव्हतं, पण ती माझ्यामागून जिना चढली, आणि तिच्या मागून मिना, ओटीपोटाशी हात धरून.

काचेच्या खोलीत शालूबाई होत्या. त्यांनी मिराबाईला बघून दार अडवलं. सरांच्या ऑर्डरशिवाय, म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं की सिस्टर, आजपर्यंत या बाटलीत तुम्ही जे ओतलं ते तुम्हाला माहीत नव्हतं. आता मी सांगितलंय. आता ओताल ते माहीत असून.

शालूबाई दारातून हलल्या नाहीत. मग त्यांनी खांदे पाडले आणि औषधाच्या कपाटाकडं वळल्या. तिथून सीलबंद पाण्याच्या बाटल्या काढून माझ्या शेजारी ठेवल्या, आठ, आणि आठ नव्या बाटल्याही, पिशवीतल्या, न फोडलेल्या. त्या इतके दिवस तिथंच होत्या.

"मी काही बघितलं न्हाई," त्या म्हणाल्या. आणि प्रत्येक पेटीशी आधी जाऊन बाळाच्या नाकाजवळची नळी धरून उभ्या राहिल्या, मी बाटली बदलेपर्यंत. एका हातानं नळी, दुसऱ्या हाताची दोन बोटं बाळाच्या छातीवर. त्यांचं तोंड सगळा वेळ चालू होतं, सरांना, मला, जारवाल्याला, आणि एकदा स्वतःच्या नशिबाला.

जुनं पाणी मी बादलीत ओतलं, त्यावर ब्लीचिंग टाकलं. तिसऱ्या बाटलीच्या तळाला गुलाबीसर साय धरली होती. मिराबाईनं ती बघितली. माझ्याकडं बघून तोंड फिरवलं, एवढंच, आणि मला ते बरोबर वाटलं.

चौथ्या पेटीपाशी आल्यावर मी मिनाला म्हटलं, हात धुवा, ब्लाउज सोडा, खुर्चीवर बसा. बाळाला पेटीतून काढून नळीसकट तिच्या छातीवर पालथं ठेवलं आणि वर तिचाच पदर गुंडाळला. एवढ्या लहान बाळाला पेटीपेक्षा आईची कातडी जास्त ऊब देते. मिना श्वाससुद्धा मोठा घेत नव्हती. बाळानं जरा वेळानं डोकं एका बाजूला वळवलं, कान दुमडला. मिनानंच तो बोटानं सरळ केला. मग तिच्या दोन्ही बाजूंनी दूध गळायला लागलं, बाळाच्या पाठीवरून, आणि ती घाबरून माझ्याकडं बघायला लागली की हे चालेल का. मी म्हटलं चालेल. शालूबाईंनी वाटीत धरून तेच दूध नळीनं पाजलं, दोन मिली. पाच दिवसांत पहिल्यांदा.

सर आले तेव्हा मी आठवी बाटली लावत होते. त्यांनी दारातच विचारलं, कोणाच्या परवानगीनं. सगळ्यांचे हात बाळांमध्ये गुंतले होते. मग त्यांना मिराबाई दिसली आणि त्यांचा आवाज वाढला, हिला कोणी आत घेतलं.

"मी माझ्या पायानं आली, सायेब," मिराबाई म्हणाली. "तुमी फोन भायेर ठेवा आधी."

सरांच्या हातात फोन होता. तो त्यांनी खिशात घातला. बाहेर ठेवला नाही. मग मला उद्यापासून येऊ नका म्हणाले, इंग्रजीत, म्हणजे फार ऑफिशियल. मी सही न केलेला कागद त्यांच्या हातात दिला आणि पर्समध्ये बाळांचे आणि पाण्याचे रिपोर्ट आहेत का ते चाचपून बघितलं.

मिनाच्या बाळाला काही झालं नाही. जंतू तिच्या पोटात होता तसा होता, पण रक्तात उतरला नाही. बाराव्या दिवशी ऑक्सिजन सुटला, पंधराशे ग्रॅमवर ती आईला लुचायला शिकली, आणि देविदास तिला जीपमध्ये पुढच्या सीटवर घेऊन गेला, हे मला शालूबाईंनी फोनवर सांगितलं. मिराबाईनं माझ्यासाठी काही निरोप ठेवला होता का, असं मी विचारलं नाही.

पण गोष्ट तिथं संपत नाही, मला संपवता आली असती तर बरं झालं असतं. त्याच्या कितीतरी आधी, बाटल्या बदलल्यानंतरच्या रविवारीच, शालूबाईंचा पहिला फोन आला होता की पाचव्या पेटीचं बाळ शनिवारी गळालं, नांदेडला नेलंय. पाचव्या पेटीत औंढ्याकडचं बाळ होतं. बुधवारी आलं होतं. म्हणजे ज्या दिवशी मी मिश्रण पहिल्यांदा बशीवर पसरत होते, त्या दिवशी ते बाळ खाली माझ्या लॅबच्या दारावरून स्ट्रेचरवर वर गेलं आणि त्याच्या नाकाला ती बाटली लागली. मी बघितलं होतं त्याला. आजीच्या हातात टोपडं होतं, लोकरीचं, पिवळं.

मी दुसऱ्या दिवशी लेकीला सासूबाईंकडं ठेवून सकाळच्या एसटीनं नांदेडला गेले. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाई होती, माझ्याच वयाची, डोळ्यांखाली काळं. तिला मी सगळे रिपोर्ट दिले. बाळांचे, पाण्याचे, गुलाबी ठिपक्यांचे. ती उभ्यानंच वाचत गेली. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. जी दोन औषधं उरली होती त्यांच्यावर तिनं खूण केली, सिस्टरला हाक मारून एक लगेच चालू करायला सांगितलं. बाळ जिवंत होतं. छाती हलत होती, आत ओढून, बाहेर सोडून. आजी भिंतीशी बसली होती. मला ओळखलं नाही तिनं.

डॉक्टर बाईनं केसपेपर पुढं ओढला आणि विचारलं की पाणी बदललं कोणत्या तारखेला. मी सांगितलं, सतरा.

"आणि तुम्हाला कळलं कधी?"

"चौदा."

तिनं मान वर केली नाही. दोन्ही तारखा एकाखाली एक लिहिल्या.